गगनबावड्याच्या सात मुली

उचगावातल्या त्या घरात आतून कडी लागेल अशी दारं दोनच होती. एक न्हाणीचं आणि दुसरं माडीवरच्या पत्र्याच्या खोलीचं. न्हाणीत जरा जास्त वेळ गेला की सासूबाई चिमणाबाई बाहेरून विचारायच्या, "पानी संपलं का गं?" माडीवर येऊन विचारायचं तर चौदा पायऱ्या चढाव्या लागत आणि चिमणाबाईंचे गुडघे सातव्या पायरीलाच नकार देत. त्यामुळे संयोगिताच्या संसारात जी काही शांतता होती, ती आठव्या पायरीच्या वर होती.

ती खोली पूर्वी शेंगांच्या पोत्यांची होती. संयोगिता शाहूवाडीकडची, कॉम्प्युटरची पदवी घेऊन बारा वर्षांपूर्वी या घरात सून म्हणून आली. टाळेबंदीत सगळे घरात कोंडून बसले होते त्या वर्षी तिनं पोती खाली आणली, मोडका पाळणा भंगारात दिला आणि खिडकीशी टेबल मांडलं. नवरा विजयसिंह फौंड्रीत आणि मुलगी शाळेला गेली की ती वर जाऊन कडी लावायची. लोकांच्या माहितीचे साठे तिच्या ताब्यात असत. कुठलं नाव कुठं ठेवायचं, मागितलं की ते पटकन कसं सापडेल, हे बघायचं तिचं काम. चिमणाबाई शेजारणींना सांगायच्या, "वर बसून टायपिंग करती."

मुळात तिला लावून ठेवायची खोडच होती. दोरीवरचे कपडे ती माणसागणिक वाळत घालायची. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला आलेल्यांच्या चपला तिनं घराण्यानुसार लावल्या होत्या आणि त्यावरून दोन भावक्यांत बोलाचाली झाली होती, कारण एकाची रांग उंबऱ्यापासून लांब गेली.

तिच्या हातची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शाहूपुरीतल्या चन्नाप्पा वधूवर सूचक केंद्राची यादी. सव्वादोन लाख नावं. फोटो, पत्रिका, उंची, शेती, चष्मा, सगळं त्यात. त्या सव्वादोन लाखांत तिचा धाकटा दीर अमरसिंहही होता.

अमरसिंह चौतीस वर्षांचा. फाट्यावर त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. दोन वर्षांपूर्वी तो मित्राची बंद पडलेली जीप आणायला गगनबावड्याला गेला आणि परत आला तो डोक्यात एकच गोष्ट घेऊन.

"वैनी, घाट चढून आलेली एकूण एक गाडी तितं तापलेली असती. गिऱ्हाईक हुडकावं लागत न्हाय. गिऱ्हाईक वाफ सोडत आपनच येतंय."

म्हणजे गॅरेज घाटमाथ्यावर टाकायचं आणि तिथंच राहायचं. पण कोल्हापुरातली पोरगी त्या पावसात चार दिवस टिकणार नाही, म्हणून बायको गगनबावड्याचीच हवी. विजयसिंहला हे खुळेपण वाटलं. चिमणाबाईंना तर हा वेगळं राहायचा कट वाटला. संयोगितानं मात्र दिराला पूर्ण पाठिंबा दिला. त्या गल्लीत एखाद्या वहिनीनं दिराच्या स्वप्नाला इतका जोर लावल्याचं दुसरं उदाहरण नव्हतं. कारण सरळ होतं. अमरसिंह लग्न करून घरात राहिला तर नव्या जोडप्याला खोली लागणार, आणि घरात रिकामी करता येईल अशी खोली एकच होती.

अडचण एवढीच की गगनबावड्याला मुलगी नव्हती. अमरसिंह केंद्राच्या साईटवर तालुका निवडायचा, 'मुली' निवडायचा, 'नवीन नोंद आधी' निवडायचा. पडद्यावर चक्र फिरायचं. मिनिटभर फिरून वाक्य यायचं: आपल्या अपेक्षेनुसार स्थळ उपलब्ध नाही. करवीर तालुका टाकला की पापणी लवायच्या आत वीस मुली. पन्हाळा टाकला तरी वीस. गगनबावडा म्हटलं की चक्र.

दीड वर्ष हे चाललं. मग एका मंगळवारी चिमणाबाई मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या, तेव्हा त्यांनी निकाल दिला.

"येत्या रैवारी चन्नाप्पांचा मेळावा हाय. तितं त्या गगनबावड्याची एक तरी पोरगी दिसली तर ठीक. न्हायतर मोना."

मोना म्हणजे त्यांच्या चुलतबहिणीची लेक.

"मोनाला मी आवडत न्हाय," अमरसिंह म्हणाला. "तिनं सोताच फोन करून सांगितलंय."

"आवडायचं काय त्यात. लगीन करायचंय, लोनचं न्हवं."

"आन गगनबावड्याला पोरी न्हाईत असं हुईल व्हय आई? यष्टी स्टँडवर दोघी माझ्यासमोर भजी खात हुत्या."

"त्या पावन्या असतील कुनाच्या." चिमणाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "आनि लगीन झालं की माडीवरची खोली त्यांची. तुझं टेबल जिन्याखाली मांडू."

"जिन्याखाली गॅसची टाकी आहे, आत्ती."

"टाकीला काय तुझ्या टायपिंगचा तरास हुनार हाय?"

संयोगिता उठली. मिरच्यांचं सूप उचलून उन्हात ठेवलं आणि चौदा पायऱ्या चढून तिनं कडी लावली. अमरसिंहच्या बोलण्यातली एक गोष्ट तिला खटकली होती. दोन मुली भजी खात होत्या. हा पुरावा होता. तालुक्यात मुली आहेत, आणि तिच्या यादीत नाहीत.

तिचा पहिला संशय सूच्यांवर गेला. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची अशा यादीलाही लावता येते. कुठला तालुका कुठल्या पानावर, कुठली तारीख कुठल्या पानावर, म्हणजे दर वेळी अख्खं पुस्तक चाळावं लागत नाही. तिनं तालुक्याची एक आणि नोंदीच्या तारखेची एक अशा दोन सूच्या पहिल्यापासून लावलेल्या होत्या. पण माणूस घाबरला की जास्त मीठ घालतो. तिनं बुधवारी दिवसभर बसून उंचीची सूची केली, वयाची केली, शिक्षणाची, रंगाची, पत्रिकेची, चष्म्याचीही केली. संध्याकाळपर्यंत चौदा झाल्या. मग तिनं गगनबावडा टाकून बघितलं. चक्र फिरलं. स्थळ उपलब्ध नाही.

गुरुवारी सकाळी चन्नाप्पांचा फोन आला.

"संयोगिता, तू काय केलंस? आदी नाव वर घ्यायला टिचकी मारली की काम व्हायचं. आता मिनिट लागालंय. मानसं फोनवर ताटकळाल्यात. एक पावना म्हटला, एवढ्या येळात मी कर्नाटकातनं सून आनतो."

"नाव वर घेणं म्हणजे काय, काका?"

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. "ये की हिकडं," चन्नाप्पा म्हणाले. "चा घे."

चन्नाप्पा सीमेकडचे. वय सदुसष्ट. कानडी आणि मराठी दोन्ही एकाच श्वासात बोलणारे, आणि कुणालाही नाही म्हणता न येणारे. या एका गुणावर त्यांनी वीस वर्षं लग्नं जमवली होती. केंद्राच्या आतल्या खोलीत चहाच्या भांड्यांशेजारी ते यंत्र होतं, ज्यात सव्वादोन लाख माणसं राहत होती. त्याच्यासमोर टेबलफॅन लावलेला. वर ओला टॉवेल घालायचा त्यांचा विचार होता. तो संयोगितानं मागेच हात जोडून रद्द करवला होता.

"काका, सगळे तालुके पटकन येतात. गगनबावड्यालाच का वेळ लागतो?"

"लांब हाय की ते," चन्नाप्पा म्हणाले. "घाट हाय."

ते थट्टा करत नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. "हां, बोला पावनं. वर घेऊ? घेतो की. त्यात काय." त्यांनी एका बोटानं काहीतरी टाइप केलं, मिनिटभर थांबले, आणि समाधानानं मान हलवली. संयोगितानं खुर्ची पुढे ओढून पडद्यात डोकं घातलं.

यादी तारखेनं लागायची, नवी नोंद आधी. चुकीची तारीख पडली तर दुरुस्त करता यावी म्हणून संयोगितानं एक सोय ठेवली होती. चन्नाप्पांनी त्या सोयीची लिफ्ट केली होती. कुणाच्या मुलाचं नाव खाली गेलं की बाप फोन करायचा, "आमच्या पोराचं जरा वर घ्या की," आणि चन्नाप्पा नोंदीची तारीख पुसून आजची टाकायचे. मग मुलगा आजच नाव नोंदवल्यासारखा सगळ्यात वर. दुपारपर्यंत आणखी पन्नास बाप फोन करायचे आणि तो पुन्हा खाली जायचा. दिवसाला दोनशे जण वर यायचे. संयोगितानं चौदा सूच्या केल्यामुळे आता प्रत्येकाला वर घेताना यंत्राला चौदा वह्यांत खाडाखोड करावी लागत होती.

"ह्या गावात कोन खाली राहायला तयार न्हाय," चन्नाप्पा म्हणाले. "मी काय करू?"

यादीत सध्या सगळ्यात वर कोण आहे ते तिनं बघितलं. पहिलं नाव अमरसिंहचं होतं. चौतीस वर्षं, पाच फूट सात इंच, स्वतःचं गॅरेज. आजवर चारशे बारा वेळा वर घेतलेला.

"काका, हे कोण करतंय?"

"तुझ्या सासूबाई की. रोज अकराला फोन. देवपूजा झाली की."

"मला बोलला नाहीत?"

"तुला सांगू नको म्हटल्या. सुनेचा वशिला लावला असं कुनी म्हनाय नको म्हनून."

संयोगितानं चहा प्याला. चहा गार झाला होता. मग तिनं आधीच करायला हवं होतं ते केलं. अशा यंत्राला नुसतं 'शोध' म्हणायच्या ऐवजी 'कसा शोधणार आहेस ते सांग, आणि शोधल्यावर खरं काय झालं तेही सांग' असं विचारता येतं. बारा वर्षांच्या संसारात हा प्रश्न घरात कुणाला विचारायची सोय नव्हती. यंत्राला विचारायची होती, आणि ते खोटं बोलत नाही. शोध मिनिटभरानंतर आपोआप थांबायची मर्यादा काढून तिनं त्याला मोकळं सोडलं. यंत्र चार मिनिटं घरघरलं. पंखा त्याच्याकडे बघत राहिला. मग तीन आकडे आले.

मिळतील असं वाटलेल्या मुली: साडेचारशे. प्रत्यक्ष मिळालेल्या: सात. त्यासाठी चाळलेली माणसं: सव्वादोन लाख.

संयोगिता त्या आकड्यांकडे बघत बसली आणि तिला हसू फुटलं. चन्नाप्पांना वाटलं यंत्र गेलं.

"काय झालं? मेलं काय ते?"

"नाही काका. हे बघा. तुम्ही मेळाव्याच्या दारात उभे आहात असं समजा. कुणीतरी म्हणालं, गगनबावड्याच्या वीस पोरी बोलवा, नव्या आधी. तुमच्या हातात दोन वह्या. एक तालुक्याची, एक तारखेची."

"मी तालुक्याची उघडनार."

"त्यात गगनबावड्याची नऊशे नावं. त्यातनं पोरी वेगळ्या काढायच्या, मग त्या तारखेनं लावायच्या. यंत्र म्हणतं, एवढा उपद्व्याप कशाला. तारखेची वही आधीच लावलेली आहे. वरनं खाली एकेक नाव बघत जाऊ, वीस पोरी झाल्या की थांबू."

"शाना हाय की."

"शहाणं आहे, पण त्यानं असं धरलं की नऊशेत निम्म्या पोरी असणार."

"यव्वा," चन्नाप्पा म्हणाले. "गगनबावड्यात निम्म्या पोरी?"

"त्याला काय माहीत. त्याला वाटतं पोरं आणि पोरी सगळीकडे सारखीच नाव नोंदवतात. खरं म्हणजे आठशे त्र्याण्णव पोरं आहेत आणि सात पोरी."

"मग वीस पुऱ्या व्हायला..."

"पुऱ्या होतच नाहीत. म्हणून ते थांबतच नाही. आठवी सापडेल, आठवी सापडेल, असं करत शेवटच्या नावापर्यंत जातं. करवीरमध्ये वरच्या काही हजार नावांतच वीस मिळतात, तिथं कुणाच्या लक्षात येत नाही. आणि या सात जणी कुठं आहेत ते बघा. अगदी तळाशी."

"पोरीकडची मानसं फोन करत न्हाईत," चन्नाप्पा हळूच म्हणाले. "आमची पोरगी वर घ्या म्हनायला लाजत्यात. आनि मग मिनिटभरानं?"

"मिनिटभरानं तुमचं वाक्य येतं."

ते वाक्य चन्नाप्पांचंच होतं. संयोगितानं आधी लिहिलं होतं, 'शोधायला वेळ लागत आहे, पुन्हा प्रयत्न करा.' चन्नाप्पा म्हणाले होते, असं लिहिलं तर पावण्यांना वाटेल आम्हाला काम येत नाही. काहीतरी सभ्य लिही. ते सभ्य वाक्य दीड वर्ष एका तालुक्यातल्या सगळ्या मुली नाहीशा करत होतं. संयोगितानं ते तेव्हा वाद न घालता टाकलं होतं, कारण त्या दिवशी घरी पाहुणे होते आणि तिला कणीक मळायची होती.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. तिनं चष्म्याची, रंगाची आणि बाकीच्या उपऱ्या सूच्या काढून टाकल्या. एक नवी वही केली: आधी तालुका, त्याच्या आत मुलगे वेगळे आणि मुली वेगळ्या, आणि त्या प्रत्येक कप्प्यात तारखेनं लावलेली नावं. म्हणजे यंत्रानं सरळ गगनबावड्याच्या मुलींचा कप्पा उघडायचा. तिथं सात नावं, लावलेलीच. ती संपली की कप्पा संपला. आठवी हुडकत गावभर हिंडायचं नाही. शिवाय एक नियम घातला की एक नाव महिन्यातून एकदाच वर घेता येईल.

"मग मी दिवसभर करू काय?" चन्नाप्पांनी विचारलं.

"लग्नं जमवा की काका."

तिनं गगनबावडा टाकला. बटण दाबलं. बोट उचलायच्या आत पडद्यावर सात मुली उभ्या.

चन्नाप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "एवढ्यात?"

"हो."

"नीट शोधलं का पर त्यानं?"

"नीटच शोधलं."

"न्हाय, मला पटतंय. पावन्यांना पटायचं न्हाय." ते खुर्चीत पुढे सरकले. "हे बघ संयोगिता. बापानं पोराचं नाव दिलेलं असतंय. आयुष्याचा प्रश्न. तू टिचकी मारून सात दाखवलीस तर त्यो म्हननार, ह्यांनी वरवर बघितलं. कापड दुकानात जा तू. पयली साडी पसंत पडली तरी दुकानदार आनखी वीस काढतोय का न्हाय? स्थळ म्हंजे जरा हुडकल्यासारखं दिसाय पायजे."

"काका, मी तीन दिवस याच्यामागे आहे. ते वेगानं व्हावं म्हणून."

"वेग आत ठेव की. भाईर चक्र फिरू दे."

अर्धा तास वाद झाला. बोलणं दहा सेकंदांवर सुरू झालं आणि पाचवर मिटलं. मग तीन दिवस झगडून जो उशीर काढला होता, त्यातला पाच सेकंदांचा तुकडा संयोगितानं आपल्या हातानं परत आत बसवला.

रविवारी मेळाव्याला कार्यालय गच्च भरलं. चिमणाबाई इरकली नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मोठ्या पडद्यावर अमरसिंहची पाळी आली, चक्र फिरू लागलं, आणि चिमणाबाई शेजारणीकडे वळून विजयी आवाजात म्हणाल्या, "बघ. न्हाईतच." पाचवा सेकंद संपला आणि सात नावं आली.

चिमणाबाईंनी बोटावर मोजली. पुन्हा मोजली. "इतके दीस कुटं हुत्या ह्या?"

"खाली होत्या, आत्ती," मागच्या रांगेतून संयोगिता म्हणाली. "त्यांना कुणी वर घेतलं नाही."

चिमणाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मानेवरून दिसत होतं की रोजचा अकराचा फोन उघडा पडलाय हे त्यांना कळलं आहे.

सोमवारी चन्नाप्पांनी सातही घरी फोन लावले. सहा जणींची लग्नं होऊन गेली होती. एकीचा मुलगा पहिलीत होता, आणि तिचा बाप म्हणाला, "तुमचा फोन येतोय काय म्हनून लई वाट बघितली, मग उरकलं." सातवी राहिली होती. तेजस्वी, वय एकोणतीस, औषधांच्या दुकानात कामाला.

बुधवारी सगळे बघायला गेले. संयोगिता जाताना गाडीत गुणगुणत होती. विजयसिंहनं तिला बारा वर्षांत गुणगुणताना पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यासमोर घाटमाथ्यावरचं गॅरेज होतं आणि उचगावातली कडी.

पोहे झाले. मोठ्यांनी दोघांना बोलायला सांगितलं, पण बाहेर पाऊस असल्यामुळे दोघांना सगळ्यांच्या समोरच बोलावं लागलं. ओसरीवर तीन दोऱ्या बांधलेल्या, त्यावर घरभराचे कपडे, आणि त्या कपड्यांना दमट वास.

"तुमच्याकडं कपडे किती दिसांत वाळत्यात?" तेजस्वीनं विचारलं.

अमरसिंह दचकला. त्यानं पगाराच्या आणि व्यसनाच्या प्रश्नांची तयारी केली होती. "दिसात. उन्हाळ्यात तर दोन तासात."

"मला पसंत हाय," तेजस्वी म्हणाली.

"पर मी हिकडंच यायचं म्हनतोय," अमरसिंह खुलला. "घाटावर गॅरेज. गाड्या तापून येत्यात, गिऱ्हाईक हुडकावं लागत न्हाय..."

तेजस्वी त्याच्याकडे औषधाच्या दुकानात चुकीची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. "पावनं, मी चार वर्षं नाव नोंदवून बसलोय ते हितनं जायला. आनि तुमी हितं येताय?"

अमरसिंहनं एक भजं घेतलं. ते चावून होईपर्यंत दोन वर्षांचं स्वप्न त्याच्या चेहऱ्यावरून एकेक नट सुटत जावा तसं सुटत गेलं. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तसं बघितलं तर गाड्या उचगावातबी तापत्यात की."

सगळे हसले. चिमणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं; पोरगा घरातच राहणार होता. संयोगितानं हातातली बशी खाली ठेवली. परतीच्या वाटेवर तिनं गुणगुणलं नाही. जिन्याखालची जागा साडेतीन फूट, टेबल चार फूट, एवढंच ती मनात पुन्हा पुन्हा मोजत होती.

"तूच हुडकलीस बघ पोरगी," विजयसिंह गाडी चालवत कौतुकानं म्हणाला.

"हो," संयोगिता म्हणाली. "चक्र एक मिनिटाचंच बरं होतं."

लग्न ठरलं. आईबापांबरोबर तेजस्वी घर बघायला आली. चिमणाबाईंनी खालूनच सांगितलं, "वरची खोली तुमची. जा, बघून ये." संयोगितानं पडदे धुऊन लावले होते, हरलेल्या माणसानं निदान नीटनेटकं हरावं असा तिचा स्वभाव. टेबलाचं सामान तिनं खोक्यात भरलं होतं, खोक्यावर आत काय आहे त्याची यादी चिकटवली होती. तेजस्वी चौदा पायऱ्या चढून आली, खिडकीतून बाहेर बघितलं, "छान हाय की," म्हणाली, आणि त्याच वेळी एक सर आली.

पत्र्यावर पाऊस पडला की त्या खोलीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. संयोगिताला सवय होती. तेजस्वीनं मात्र दोन्ही हात कानांवर ठेवले आणि तशीच उलट्या पावली जिन्यापर्यंत गेली.

"वैनी," ती ओरडून म्हणाली, "ह्या आवाजातनं सुटायलाच मी लगीन करालोय. मला खालची कुटली बी द्या. देवघर द्या. हितं न्हाय."

संयोगितानं चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला. "बघ हं. वारा छान येतो."

"वारा तर न्हकोच."

खाली मोठ्यांचं बोलणं बसलं. स्लॅबखालच्या खोल्या दोनच होत्या. एक विजयसिंह-संयोगिताची, एक चिमणाबाईंची. देवघरात देव होते. विजयसिंह कुणाकडेही न बघता पंख्याकडे बघत होता. शेवटी चिमणाबाईंनी स्वतःच गुडघ्यांवर हात ठेवून सांगितलं, "माझी घ्या. म्हातारीला काय, कुटंबी टेकती." पुढचा विचार त्यांनी एक श्वास घेऊन केला. "मी वर जातो."

संयोगिता म्हणाली, "आत्ती, पायऱ्या. तुमचे गुडघे."

"एकदा चढलो की उतरायचंच न्हाय म्हंजे झालं. जेवान वर दे."

लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही मुलांनी चिमणाबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून माडीवर नेलं. सातव्या पायरीवर त्यांनी सवयीनं "थांबा" म्हटलं आणि खुर्ची तिथं थोडा वेळ लोंबकळत राहिली. मग उरलेल्या सात. त्यांची कॉट खिडकीच्या समोरच्या भिंतीला लागली, संयोगिताच्या टेबलापासून दीड हातावर. खोली वाचली. निम्मी.

आता सकाळी मुलगी शाळेला, पुरुष कामाला आणि तेजस्वी उचगावातल्या औषधांच्या दुकानात, नव्या नोकरीवर गेली की संयोगिता वर येते. तेजस्वीनं धुतलेले कपडे गच्चीवर वाळत असतात आणि ती जाताना रोज त्यांना हात लावून बघून जाते. चिमणाबाई कॉटवर मांडी घालून सुनेच्या खांद्यावरून पडद्याकडे बघतात. दीड वर्ष फोनवरून जे चालवलं ते आता त्यांना समोर दिसतं, आणि त्यांना ते आवडलेलं आहे.

"काय हुडकालंय गं ते एवढा येळ?" चक्राकडे बोट करून त्यांनी परवा विचारलं.

"काही नाही, आत्ती. नुसतं फिरालंय."

"फिरू दे. बरं वाटतंय." मग जरा पुढे झुकून, देवपूजा झाल्यावरच्या आवाजात त्या म्हणाल्या, "मोनाचं नाव खाली गेलं असंल बघ. जरा वर घे की."

"महिन्यातनं एकदाच घेता येतं. चार तारखेला घेतलंय."

"आगं, घरचंच हाय की मानूस."

जिन्यात पावलं वाजली. तेजस्वीला त्या दिवशी सुट्टी होती; मिठाचा डबा कुठं आहे ते विचारायला ती वर येत होती. चिमणाबाईंनी दाराकडे बघून कपाळाला आठी घातली.

"कडी लाव," त्या म्हणाल्या. "जरा निवांत बसू देत न्हाईत."